पाणभुंगेऱ्याचे बारसे

मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला, की लोहारा तालुक्यातल्या काळ्या रानात जागोजाग पाणी साचते. बांधाच्या कडेला, मुरमाच्या खाणीत, गाडीवाटेच्या चाकोरीत, शाळेमागच्या खड्ड्यात. थोडे दिवस जातात आणि त्या गढूळ पाण्यात काहीतरी हलताना दिसू लागते. काळपट, चपटे, काही तिळाएवढे, काही ज्वारीच्या दाण्याएवढे, एखादे चिंचोक्याएवढे. वर येते, क्षणभर थांबते आणि सुळकन खाली जाते. पोरे विचारतात, "गुरुजी, हे काय हो?" गुरुजी सांगतात, "पाण्यातला किडा." उत्तर खोटे नाही. पण गावात आलेल्या पाहुण्याने एखाद्याकडे बोट दाखवून "हे कोण?" असे विचारावे आणि आपण "माणूस" म्हणून मोकळे व्हावे, तशातला तो प्रकार झाला. माणूस खरा, पण कोणाचा, कुठला, नाव काय?

या पाण्यातल्या किड्यांना नावे कोणी दिली, केव्हापासून दिली, आणि एखादा किडा "नवा" आहे हे ठरवतात तरी कसे, याची हकिगत आज सांगायची आहे. हकिगत अडीचशे वर्षांची आहे. तिच्यात तरंगमबाडीचा एक वैद्य आहे, फ्रान्समधला एक डॉक्टर आहे, मालवणचा एक प्राध्यापक आहे आणि पुण्यातले एक महाविद्यालय आहे. आपल्या भागाचे पान मात्र तिच्यात अजून बरेचसे कोरे आहे.

आधी या प्राण्याची ओळख करून घेऊ. भुंगेरा आपल्याला माहीत आहे. शेणात गोळे करणारा भुंगेरा, दिव्यावर येणारा भुंगेरा. याच कुळातले काही पाण्यात राहायला गेले, त्यांना पाणभुंगेरे म्हणू. भुंगेऱ्याच्या पुढच्या पंखांची कडक झाकणे झालेली असतात आणि उडायचे पातळ पंख त्या झाकणांखाली घडी घालून ठेवलेले असतात. पाणभुंगेऱ्याने या झाकणाचा आणखी एक उपयोग केला. पाण्यात बुडी मारताना तो झाकणाखाली हवा भरून घेतो. ती संपत आली की पुन्हा वर. म्हणून तो सारखा वरखाली करताना दिसतो.

वर येण्याच्या रीतीवरूनही कूळ ओळखता येते. जे पोहण्यात पटाईत आहेत, ज्यांचे मागचे पाय वल्ह्यासारखे चपटे नि केसाळ असतात, ते शेपटाकडून वर येतात. त्यांच्या कुळाला शास्त्रात डायटिस्किडी म्हणतात. दुसऱ्या एका कुळातले भुंगेरे डोक्याकडून वर येतात आणि मिशांच्या आधाराने हवा आत घेतात. तिसरे कूळ पाण्याच्या पृष्ठभागावरच गरगर फिरत असते. त्यांचा प्रत्येक डोळा दुभागलेला असतो. वरचा भाग पाण्याबाहेर पाहतो, खालचा पाण्यात. इतके तर कोणत्याही शाळेतल्या मुलाला काठावर बसून पाहता येईल. त्याला दुर्बीण लागत नाही, की सूक्ष्मदर्शक लागत नाही.

आता कोणी विचारील, कालपर्यंत कोरडा असलेल्या खड्ड्यात हे आले कुठून? आकाशातून पडले काय? एका अर्थी होय. हे किडे उडतात, आणि बहुधा रात्री उडतात. पाण्यावरून परावर्तित होणारा प्रकाश एका विशिष्ट तऱ्हेचा असतो आणि तो त्यांना वरून ओळखता येतो. कधी कधी ते फसतात. मोटारीच्या चकचकीत टपावर किंवा प्लॅस्टिकच्या काळ्या कागदावर पाणी समजून येऊन पडतात. शेततळ्याला कागद अंथरताना असा एखादा भुंगेरा टपकन पडलेला तुमच्यापैकी कोणी पाहिलाही असेल. आणखी एक सांगून ठेवतो, यांच्या कितीतरी जातींच्या अळ्या डासांच्या अळ्या खातात. म्हणजे हा आपल्या दारचा बिनपगारी नोकरच म्हणायचा.

जगात पाणभुंगेरे आहेत तरी किती? मॅनफ्रेड येख आणि मिखाएल बाल्के या दोन शास्त्रज्ञांनी २००८ साली हिशेब मांडला. तेव्हापर्यंत नाव मिळालेल्या जाती सुमारे बारा हजार सहाशे होत्या, आणि एकूण असाव्यात सुमारे अठरा हजार. म्हणजे त्या हिशेबाने तीन जातींमागे एक जात अजून बिननावाची होती.

नावाचे एवढे काय, असे कोणी म्हणेल. पण शेतकऱ्याला नावाचे मोल सांगायला नको. आपण ज्वारीला नुसती ज्वारी म्हणत नाही. मालदांडी म्हणतो, दगडी म्हणतो, हुरड्याची गूळभेंडी वेगळी काढतो. देवणी जनावरांत वानेरा कोणता, बालंक्या कोणता, शेवेरा कोणता हे बाजारात उभे राहून सांगणारी माणसे आपल्याकडे आहेत. जिथे उपयोग आहे तिथे माणसाने बारीक भेद पाहिला आणि भेदाला नाव दिले. पाणभुंगेरा ना खायचा, ना जुंपायचा. म्हणून त्याच्या वाट्याला नाव आले नाही. शिवाय एका गावचे नाव दुसऱ्या गावाला कळत नाही. तेव्हा साऱ्या जगाला कळेल अशी एकच रीत हवी होती.

ती रीत स्वीडनच्या कार्ल लिनीयस या पंडिताने घालून दिली. त्याच्या ग्रंथाची दहावी आवृत्ती १७५८ साली निघाली. तिच्यात चार हजारांवर प्राण्यांना त्याने दोन-दोन शब्दांची नावे दिली. पहिला शब्द घराण्याचा, दुसरा जातीचा. आपल्याकडे आडनाव शेवटी येते, इथे आधी, एवढाच फरक. प्राण्यांची शास्त्रीय नावे आजही त्या १७५८ सालापासून मोजतात. आणि एक नियम पक्का झाला, की एकाच जातीला दोन नावे पडली, तर सामान्यतः आधीचे नाव खरे.

लिनीयसचे शिष्य जगभर पांगले. त्यांतला योहान गेर्हार्ड क्योनिग हा वैद्य १७६८ साली तामिळ किनाऱ्यावरच्या तरंगमबाडीला आला. तिथे तेव्हा डेन्मार्कची वसाहत होती. क्योनिगने पुढची सतरा वर्षे, म्हणजे १७८५ साली मरेपर्यंत, दक्षिणेतल्या वनस्पती आणि किडे गोळा करून युरोपात पाठवले. लिनीयसचाच दुसरा शिष्य योहान फाब्रिसियस याच्या हाती त्यांतले किडे पडले. हा फाब्रिसियस मोठा उद्योगी माणूस. त्याने आयुष्यात सुमारे दहा हजार किड्यांना नावे दिली. आपल्या देशातल्या कितीतरी किड्यांचे पहिले बारसे असे सातासमुद्रापलीकडे झाले. आपल्याकडे बारशाला आत्या लागते. या बारशाची आत्या बाळ ज्या घरात जन्मले ते घर न पाहताच नाव सांगत होती!

न पाहता नाव ठेवले की घोळ होतो. त्याचे एक उदाहरण देतो. चिंचोक्याएवढा, पिवळसर राखी रंगाचा, पाठीवर काळे ठिपके असलेला एक पाणभुंगेरा भारतात सर्वदूर आढळतो. त्याच्या घराण्याचे नाव इरेटिस. उथळ, उन्हाने तापणाऱ्या, लवकर आटणाऱ्या डबक्यात वाढण्यात हे घराणे तरबेज. डबके आटायच्या आत वाढ पुरी करायची आणि उडून जायचे, हा त्यांचा शिरस्ता. लिनीयसने १७६७ साली या घराण्यातल्या एका किड्याला स्टिक्टिकस असे नाव दिले. फाब्रिसियसने १७८१ साली दुसऱ्या एकाला ग्रिसियस, म्हणजे राखी, असे म्हटले. पुढच्या पंडितांनी दोन्ही पाहिले आणि ठरवले, की हे एकच. मग आफ्रिकेपासून अमेरिकेपर्यंत जिथे म्हणून हा किडा दिसला, तिथे त्याला इरेटिस स्टिक्टिकस म्हणायची वहिवाट पडली.

ही वहिवाट बराच काळ चालली. २००२ साली केली मिलर या अमेरिकन शास्त्रज्ञाने देशोदेशींचे नमुने शेजारी शेजारी ठेवून तपासले, तेव्हा या घराण्यात चार जाती निघाल्या. आपल्याकडचा भुंगेरा फाब्रिसियसचा ग्रिसियस ठरला. सव्वादोनशे वर्षांपूर्वीचे नाव पुन्हा उजेडात आले. किडा तोच, डबके तेच. बदलली ती आपली माहिती. आणि बदलली कशामुळे? जुने नमुने कोणीतरी जपून ठेवले होते म्हणून.

इथे "नमुना" या शब्दाचा अर्थ नीट ध्यानात घेऊ. वजनमापे तपासणारा अधिकारी दुकानात येतो, तेव्हा दुकानातले किलोचे माप तो सरकारी प्रमाण मापाशी ताडून पाहतो. जातीचेही तसेच आहे. नवी जात जाहीर करताना एक विशिष्ट किडा, अमुक टाचणीला लावलेला, अमुक चिठ्ठी असलेला, हा त्या नावाचा प्रमाण नमुना म्हणून ठरवावा लागतो. तो संग्रहालयात कायमचा राहतो. पुढे शंका आली, की त्या प्रमाण नमुन्याशी ताडून पाहायचे. आणि त्या टाचणीखालची चिठ्ठी, बरं का श्रोतेहो, किड्याइतकीच मोलाची. कुठे धरला, केव्हा धरला, कोणी धरला, हे तिच्यावर असते. चिठ्ठीवर नुसते "हिंदुस्थान" लिहिले असेल, तर काश्मीर की कन्याकुमारी, पुढच्याने ओळखायचे कसे?

एकोणिसाव्या शतकात या कामाला जोर आला. डेव्हिड शार्प या इंग्रज डॉक्टरने १८८२ साली जगभरच्या डायटिस्किडी कुळावर जाडजूड ग्रंथ लिहिला. कोपेलाटस इंडिकस हे नाव त्यातले. मोरीस रेजिंबार हा फ्रान्समधल्या एव्रो गावचा डॉक्टर. रोगी तपासून उरलेल्या वेळात तो पाणभुंगेरे तपासत असे. त्याने १८९९ साली भारत, चीन आणि मलाया या टापूतल्या पाणभुंगेऱ्यांचा मोठा आढावा प्रसिद्ध केला. दोघेही प्रामाणिक, मेहनती. त्यांचे ग्रंथ आजही उघडावे लागतात. पण त्यांचे प्रमाण नमुने राहिले परदेशातल्या कपाटांत. भारतातल्या माणसाला आपल्या ओढ्यातला किडा ओळखायचा, तर आधी विलायतेची वाट धरायची!

त्या काळात आपल्या भागात काय चालले होते? १८५३ साली नळदुर्गचा मुलूख निजामाकडून इंग्रजांकडे गेला. मेडोज टेलर हा अधिकारी तिथे आला आणि चार वर्षे राहिला. त्याने जमिनीची मोजणी केली, रस्ते केले, लोकांच्या चालीरीती टिपल्या. पुढे १८६० साली मुलूख निजामाकडे परत गेला. शेत किती, सारा किती, याचे कागद झाले. पण डबक्यातल्या किड्याचा कागद करणे हे ना निजामाच्या तलाठ्याचे काम होते, ना साहेबाच्या.

हे काम आपल्या माणसाने हाती घेतले, तर काय होते, त्याचे एक उदाहरण आता सांगतो. हा प्राणी भुंगेरा नाही, पण गोष्ट याच वाटेवरची आहे. शंकर पुरुषोत्तम आघारकर हे मालवणचे, जन्म १८८४ चा. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात ते जीवशास्त्र शिकवीत. १९११ च्या सुमारास सातारा जिल्ह्यातल्या सह्याद्रीच्या नद्यांत त्यांना छत्रीसारखा, पारदर्शक, इवलासा प्राणी सापडला. समुद्रात जेलीफिश असते, तिचाच हा गोड्या पाण्यातला भाऊबंद. त्याचे घराणे तोवर फक्त आफ्रिकेत माहीत होते. आघारकरांनी नमुने नीट राखले आणि कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमचे नेल्सन अॅनंडेल यांच्याकडे धाडले. अॅनंडेल यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि नाव दिले लिम्नोक्निडा इंडिका. एका मराठी शिक्षकाच्या डोळसपणामुळे सह्याद्रीच्या ओढ्यांचे आफ्रिकेशी असलेले नाते शास्त्रज्ञांच्या चर्चेत आले.

यात आघारकरांनी काय केले? नदीच्या पाण्याकडे लोक रोज पाहतात. त्यांनी थांबून पाहिले, नमुना राखला, ठिकाण लिहिले आणि जाणकाराकडे पाठवला. हेच आघारकर पुढे वनस्पतिशास्त्राचे मोठे प्राध्यापक झाले. १९४६ साली पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी निघाली, तिचे ते संस्थापक संचालक. त्यांच्या पश्चात १९९२ पासून ती संस्था आघारकर संशोधन संस्था या नावाने ओळखली जाते.

१९१६ साली कलकत्त्याला भारतीय प्राणी सर्वेक्षण ही सरकारी संस्था सुरू झाली. अॅनंडेल तिचे पहिले संचालक. आता देशातले नमुने देशात राहण्याची सोय झाली. याच संस्थेत टी. जी. वझिरानी यांनी पाणभुंगेऱ्यांचा अभ्यास वर्षानुवर्षे चालवला. १९७७ साली त्यांनी भारत आणि आसपासच्या देशांतल्या डायटिस्किडी कुळाची सूची प्रसिद्ध केली. सूची म्हणजे काय, तर कोणत्या जातीचे वर्णन कोणी, कुठल्या साली, कुठल्या पानावर केले आणि ती कुठे सापडते, याची खतावणी. वाचायला कोरडी; पण ती नसेल तर पुढच्याला एक पाऊल टाकता येत नाही. प्राणी सर्वेक्षणाची एक शाखा १९५९ पासून पुण्यात आहे, हेही आपल्या कामाचे.

आता पुण्याचीच दुसरी हकिगत. शिवाजीनगरच्या मॉडर्न कॉलेजात हेमंत घाटे हे प्राणिशास्त्राचे प्राध्यापक. त्यांनी आणि सायली शेठ यांनी महाराष्ट्रातले कोपेलाटस घराण्याचे भुंगेरे अभ्यासाला घेतले. त्यांच्या जोडीला होते चेक देशातल्या प्राग इथल्या राष्ट्रीय संग्रहालयाचे यिर्झी हायेक. २०१८ साली तिघांचा निबंध प्रसिद्ध झाला आणि त्यात कोपेलाटसच्या तीन नव्या जातींचे वर्णन आले. तीन नव्या जाती, आणि त्याही आपल्या महाराष्ट्राच्या अभ्यासातून!

कोपेलाटस हे किडे दिसायला साधेच. ज्वारीच्या दाण्याएवढे, तपकिरी-काळे, पालापाचोळा पडलेल्या छोट्या पाण्यात लपणारे. जगभर या घराण्याच्या चारशेहून अधिक जाती, आणि कितीतरी एकमेकींसारख्या, जुळ्या बहिणींसारख्या. मग वेगळी जात ओळखतात कशी?

पहिली तपासणी पाठीची. यांच्या पंखांच्या झाकणांवर उभ्या रेघा असतात, पाभरीने सरी ओढाव्यात तशा. प्रत्येक झाकणावर किती रेघा, कडेला आणखी एक आहे की नाही, ती कुठून निघते नि कुठे संपते, हे सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. त्यावरून घराण्याचे लहान लहान गट पडतात. दुसरी तपासणी मापांची नि रंगाची. पण रंग फसवा असतो, नुकताच कोशातून निघालेला किडा फिकटच असतो. म्हणून तिसरी तपासणी निर्णायक, ती नराच्या जननेंद्रियाची. किड्यांत या इंद्रियाचा आकार जातीगणिक वेगळा असतो. वरून दोन किडे अगदी सारखे दिसले, तरी इथे फरक कळतो. इरेटिसच्या गुंत्यातही याच तपासणीने हात दिला. हल्ली त्यात चौथी भर पडली आहे. किड्याच्या एखाद्या पायातून डीएनए काढून तोही ताडून पाहता येतो.

एवढे झाले म्हणजे नवी जात मिळाली का? छे! आता खरे काम सुरू. हा किडा शार्पने आधीच वर्णन केला असेल तर? रेजिंबारने निराळ्या नावाने नोंदला असेल तर? म्हणून दीडशे वर्षांचे निबंध काढायचे. इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, लॅटिन, ज्या भाषेत असतील त्या भाषेत वाचायचे. शंका येईल तिथे प्रमाण नमुना ज्या संग्रहालयात आहे तिथून त्याची माहिती मिळवायची. प्रागचा जोडीदार उपयोगी पडतो तो अशा वेळी. सगळ्या जुन्यांशी ताडून जो कुणाशीच जुळत नाही, तो नवा. किडा ओढ्यात सापडतो क्षणात. पण तो नवा आहे हे सापडते कपाटे धुंडाळल्यावर, आणि त्याला पुष्कळ दिवस लागतात. आपले बारसे बाराव्या दिवशी होते, या बाळाला वर्षेही लागतील.

मग वर्णन लिहायचे, चित्रे काढायची, प्रमाण नमुना ठरवायचा आणि नाव द्यायचे. नाव गुणावरून देता येते, जागेवरून देता येते, आदरणीय माणसावरून देता येते. स्वतःचे नाव मात्र स्वतः द्यायचे नाही, हा शिष्टाचार आहे. आणि २००२ सालच्या जैवविविधता कायद्याप्रमाणे भारतात सापडलेल्या नव्या जातीची खबर आणि नमुने ठरवून दिलेल्या सरकारमान्य संग्रहात द्यावे लागतात. क्योनिगच्या काळी नमुने जहाजाने गेले ते गेलेच. आज तसे करता येत नाही.

श्रोतेहो, ही सगळी हकिगत लोहाऱ्याच्या माणसाने का ऐकावी?

तर अशासाठी, की आपला टापू पाण्याच्या दृष्टीने मोठा विचार करण्यासारखा आहे. माकणीजवळ अडवलेली तेरणा मांजरेला मिळते आणि ते पाणी गोदावरीत जाते. थोडे पलीकडे नळदुर्गच्या किल्ल्याला वळसा घालणारी बोरी भीमेला मिळते, आणि ते पाणी कृष्णेत जाते. दोन महानद्यांची खोरी इथे शेजारी शेजारी आली आहेत. पाऊस बेभरवशाचा. वर्षातून चार महिने भरणारी आणि आठ महिने कोरडी राहणारी डबकी पुष्कळ. अशा पाण्यात राहायला विशेष करामती लागतात, आणि त्या करामती करणारे जीवही विशेष असतात. सह्याद्रीच्या ओढ्यांकडे अभ्यासकांची पावले वळतात. आमच्या मुरमाड खड्ड्याकडे ती कमीच वळतात.

दुसरी गोष्ट अशी, की हे पाणी बदलते आहे. १९७२ च्या दुष्काळात ठिकठिकाणी पाझर तलाव झाले. नवे पाणी आले, नव्या जिवांना घर मिळाले. त्यानंतर शेततळी आली, त्यांना प्लॅस्टिकचा कागद आला. जुन्या बारवा बुजत चालल्या. बोअरच्या मागे लागून विहिरींचे पाणी खोल गेले. फवारणीचे औषध पावसाबरोबर ओढ्यात उतरते. या उलथापालथीत कोणता जीव वाढला नि कोणता नाहीसा झाला? ज्याचे नाव आणि ठिकाण कुठेच नोंदलेले नाही, तो गेला तरी गेला असे म्हणता येत नाही. १९९३ च्या भूकंपानंतर सास्तूर परिसरात घरांचे पंचनामे झाले, ते माणसांपाशी काही कागद, काही साक्षी होत्या म्हणून. ज्याच्या नावाची नोंदच नाही, त्याचा पंचनामा कोण करणार?

म्हणून शिक्षक बंधुभगिनींना माझी विनंती आहे. नवी जात शोधायच्या मागे लागू नका, ते ज्याचे काम त्याचे. आपण नोंद करू. शाळेत एक जाड वही घाला. तिला "पाण्याची वही" म्हणा. गावाजवळचे एक डबके निवडा, उथळ आणि सुरक्षित. विहिरीच्या नि खोल तळ्याच्या काठी मुलांना नेऊ नका. पावसाळ्यात दर आठवड्याला चहाच्या गाळणीने थोडे पाणी गाळा, पांढऱ्या ताटलीत ओता आणि पाहा. शेपटाकडून वर येणारे किती, डोक्याकडून येणारे किती, वर गरगर फिरणारे किती. पाणी केव्हा साचले, केव्हा आटले. मोबाइलवर फोटो काढा, मग किडे पुन्हा पाण्यात सोडून द्या. मुलांना मोजणी येईल, चित्रकला येईल, आणि धीर धरणे येईल.

एखादा वेगळाच वाटला, तर आधी जाणकाराला विचारा. पुण्याच्या प्राणी सर्वेक्षणाच्या शाखेला किंवा जवळच्या महाविद्यालयातल्या प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांना. त्यांनी नमुना मागितला तरच एक-दोन किडे स्पिरिटच्या छोट्या बाटलीत ठेवा. ते काम शिक्षकांनी स्वतः करावे, मुलांवर सोपवू नये. आणि बाटलीत चिठ्ठी टाका. शाईने लिहू नका, स्पिरिटमध्ये शाई पसरते, शिसपेन्सिलीने लिहा. गाव, तालुका, पाण्याची जागा, तारीख, धरणाऱ्याचे नाव. राखीव रानात किंवा अभयारण्यात परवानगीवाचून काही धरू नका.

समजा, अशी एखादी चिठ्ठी पुढे खरोखर नव्या जातीच्या प्रमाण नमुन्याखाली गेली. जागेवरून नाव द्यायचे झाले, तर लॅटिन रीतीने गावाच्या नावापुढे "एन्सिस" लावतात, म्हणजे "तिथला". तेव्हा लोहाऱ्याचा भुंगेरा "लोहारेन्सिस" होईल, आणि प्रागचा नि पॅरिसचा पंडित ते नाव उच्चारील. तसे होईलच असे सांगता येत नाही. वही मात्र या पावसाळ्यात सुरू करता येते. एक चाळण, एक ताटली आणि एक पेन्सिल एवढाच खर्च आहे. पहिल्या पानावर गावाचे नाव आणि पहिल्या पावसाची तारीख लिहून टाका.